३९ टक्क्यांचा आकडा: किनाऱ्यावरच्या कड्याचा एक फोटो आणि त्यात फसलेला प्रकल्प

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी भूशास्त्र शिकवते. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना आम्ही दर हिवाळ्यात आठ-दहा दिवस बाहेर नेतो, कधी बागलकोटकडे कलादगीचे खडक बघायला, कधी रामटेक-मनसरच्या पट्ट्यात. कारण साधं आहे. घडी पडलेला खडक पुण्यात मिळत नाही. वेताळ टेकडीची जुनी खाण घ्या, कात्रजचा घाट घ्या, नाहीतर खडकवासल्याच्या भिंतीवरून सिंहगडाकडे बघा, सगळीकडे लाव्हाचे थर पायऱ्यांसारखे एकावर एक आडवे पडलेले. मधूनमधून लाल मातीची एखादी पट्टी. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ते जसे पसरले तसेच आहेत, कुणी त्यांना दाबलं नाही की मुडपलं नाही. पुण्यात वाढलेल्या मुलाच्या डोळ्यांना थर म्हणजे आडवी रेघ, एवढंच ठाऊक असतं.

२०२०-२१ च्या वर्षात सहल निघणं शक्यच नव्हतं. वर्ग मोबाइलवर भरत होते. प्रकल्प घरी बसून करायला परवानगी मिळाली आणि प्रत्येक विद्यार्थ्याने हाताशी असेल त्यातून विषय काढायचा असं ठरलं. कुणी सोसायटीच्या विहिरीतला खडक घेतला, कुणी वाघोलीच्या खाणीतून कधीतरी आणलेले झिओलाइटचे स्फटिक कपाटातून बाहेर काढले. एका विद्यार्थिनीकडे मात्र वेगळंच घबाड होतं. तिचा मामा इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात राहतो. २०१९ च्या उन्हाळ्यात ते लोक कॉर्नवॉलच्या उत्तर किनाऱ्यावर, मिलूक हेवन नावाच्या एका छोट्या खाडीवर गेले होते आणि मामाने तिथल्या कड्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, ‘बघ, तुझ्या कामाचं काहीतरी.’

(व्यक्ती ओळखू येऊ नयेत म्हणून घरचे तपशील बदलले आहेत. कडा मात्र खरा आहे.)

मिलूक हेवनचा कडा ज्यांनी कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. वालुकाश्माचे जाड थर आणि त्यांच्यामधे शेलचे (घट्ट झालेल्या चिखलगाळाच्या खडकाचे) पातळ थर, अशी चळत. ही वाळू आणि हा गाळ साधारण ३२ कोटी वर्षांपूर्वी खोल समुद्राच्या तळाशी साचला, तेव्हा हे थरही आपल्या सह्याद्रीतल्या थरांसारखे सपाट होते. पुढे, तीसेक कोटी वर्षांपूर्वी, भूखंडांच्या टकरीत त्यांची चुणी झाली. ही गोलसर लाट नव्हे. नऊवारीच्या निऱ्या घालून वर इस्त्री फिरवावी तशा धारदार कोनाच्या घड्या आहेत. दोन्ही बाजू सरळ, वळण अगदी टोकाशी. भूशास्त्रात यांना शेव्हरॉन घड्या म्हणतात. ताठ वालुकाश्माच्या मधे घसरायला शेलचा पातळ थर असला की थर एकमेकांवरून सरकतात आणि असा कोन तयार होतो. मिलूकमधली आणखी एक गंमत अशी की या घड्या उभ्या नाहीत, कुशीवर पडलेल्या आहेत. म्हणजे नागमोड डावीकडून उजवीकडे न जाता कड्याच्या पायथ्यापासून वर चढते, आणि तिची टोकं बाणासारखी बाजूला रोखलेली दिसतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिनेच आमचा घात केला.

अडचण कुठे आली

विद्यार्थिनीने ठरवलं होतं ते असं: घडी पडण्याआधी थर किती लांब होता आणि आता किती जागेत मावतो, यावरून दाबामुळे झालेलं आकुंचन काढायचं. पद्धत पुस्तकातली आहे आणि सोपी आहे. तिने धायरीतल्या झेरॉक्सच्या दुकानातून फोटोचा मोठा प्रिंट काढला, एक ठसठशीत थर निवडला आणि त्याच्या कडेने शिवणाचा दोरा चिकटवत नेला. दोरा भरला ४१ सेंटिमीटर. त्याच थराच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर २५ सेंटिमीटर. म्हणजे ४१ चे २५ झाले, आकुंचन ३९ टक्के. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिने मला मसुदा पाठवला. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत: ‘प्रदेशाचे आडवे आकुंचन ३९%.’

मसुदा नेटका होता आणि मी खूश झाले. हे कबूल करायला हवं, कारण पुढचा गोंधळ तिथून सुरू होतो. मी त्यातलं शुद्धलेखन तपासलं, संदर्भ नीट लावायला सांगितले आणि पुढच्या मुलाचा मसुदा उघडला.

खटकलं ते तीन-चार दिवसांनी, आणि तेही आकड्यामुळे नव्हे. फोटोत कड्यासमोर तिचा मामेभाऊ उभा आहे, हातात वेफर्सचं पाकीट. तिने त्याची उंची साडेचार फूट धरून थरांची जाडी काढली होती. मी फोटो मोठा करून पाहिला तर पोरगा कड्याला टेकून उभा नव्हता, चांगला वीसेक पावलं अलीकडे, गोट्यांच्या पट्टीवर होता. कॅमेऱ्याच्या जवळ असलेली वस्तू मोठी दिसते, तेव्हा त्याच्या मापाने मागचे थर खऱ्यापेक्षा बारीकच भरणार. जाडीचे सगळे आकडे गेले.

जाडी गेली तरी आकुंचन हे गुणोत्तर आहे, त्याला पट्टी लागत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण एकदा संशय आला की माणूस दुसऱ्या खिशातही हात घालून बघतो. हा फोटो कुणी, कुठे उभं राहून, कुठल्या दिशेला तोंड करून काढला? कडा घडीला काटकोनात कापलेला आहे की तिरका? ते कुणालाच माहीत नव्हतं.

इथे थोडं थांबून समजावते, कारण सगळं प्रकरण यावरच फिरतं. घडीला एक वळणरेषा असते, दाराच्या बिजागरीसारखी. आम्ही तिला हिंज म्हणतो. घडीचा खरा आकार बघायचा तर ती हिंजला बरोबर काटकोनात कापलेली असायला हवी. समुद्र असा विचार करून कडा कापत नाही. लाटा जिथे कमकुवत भाग मिळेल तिथे कुरतडतात, आणि कड्याची भिंत घडीला कुठल्याही कोनात छेदते. काप तिरका असला की दिसणारा कोन खोटा असतो. गणितात सांगायचं तर दिसणाऱ्या उताराचा टॅन्जंट म्हणजे खऱ्या उताराचा टॅन्जंट गुणिले कापाची दिशा आणि थराची स्ट्राइक (म्हणजे थरावर काढलेल्या आडव्या रेषेची दिशा) यांमधल्या कोनाचा साइन. थर खरोखर ६० अंशांनी कललेला असेल आणि कडा स्ट्राइकशी फक्त ३० अंश करत असेल, तर तोच थर कड्यात ४१ अंशांनी कललेला दिसतो. १९ अंश कुठे गेले ते फोटो सांगत नाही.

हे मी दरवर्षी शिकवते, प्रश्नपत्रिकेत घालते आणि मुलं सोडवतातही. फोटो बघताना मात्र तिलाही आठवलं नाही आणि मलाही नाही.

समोरचे पर्याय

जमा करायची तारीख जूनच्या शेवटची होती, तेव्हा वेळ होता असं वाटत होतं. प्रत्यक्षात एप्रिलमध्ये पुण्यात कोरोनाची दुसरी लाट जोरात होती, तिच्या घरी दोघं आजारी पडले आणि तीन आठवडे असेच गेले. मे उजाडला तेव्हा आम्ही फोनवर बोललो.

पहिला विचार होता आकडा तसाच ठेवून खाली एक ओळ टाकायची: ‘फोटोची दिशा माहीत नसल्याने थोडी चूक संभवते.’ बहुतेक प्रकल्पांत असंच होतं. खालची ओळ कुणी वाचत नाही, वरचा आकडा सगळे वाचतात. आणि ‘थोडी’ म्हणजे किती हे आम्हालाच ठाऊक नव्हतं, मग तो शब्द कुठल्या तोंडाने लिहायचा?

दुसरा विचार माझा, आणि त्या वेळी मला तो फार हुशारीचा वाटला. वर्गात तिरक्या कापाचं उदाहरण म्हणून मी नेहमी अळूवडी सांगते. उकडलेला उंडा सुरी सरळ धरून कापला तर गोल चक्र मिळतं, सुरी तिरकी धरली तर तेच चक्र लांबट होतं. तिरका काप सगळं ताणतो, म्हणजे घडी खऱ्यापेक्षा उघडी, सैल दिसते, म्हणजे आकुंचन खऱ्यापेक्षा कमी भरतं. मी तिला म्हटलं, “अगं, सोपं आहे. ३९ च्या आधी ‘किमान’ लिही. कडा सरळ कापलेला असेल तर ३९, तिरका असेल तर त्याहून जास्त. दोन्हीकडून तू बरोबर.”

ती म्हणाली, “चालेल मॅडम.” तिच्या आवाजातली सुटका मला आजही आठवते.

तिसरा पर्याय मामाला पुन्हा तिथे पाठवून हिंजची दिशा मोजून घेण्याचा. प्रत्यक्ष जागेवर, म्हणजे आमच्या भाषेत फील्डवर, हे काम पाच मिनिटांचं आहे: हिंजवर पेन्सिल आडवी ठेवायची, तिची दिशा कंपासने आणि कल क्लायनोमीटरने घ्यायचा. पण त्यासाठी कड्याला हात लावायला हवा. या किनाऱ्यावर मोठ्या भरतीला पाणी ओहोटीच्या पातळीपेक्षा सहा मीटरहून जास्त चढतं, आणि असे कडे दगड टाकत असतात. मामा पेशाने हिशेबनीस. भाचीच्या गुणांसाठी हौसेने कड्याखाली जाऊन उभा राहिला असता, म्हणूनच त्याला तसं सांगायचं नाही हे मी पहिल्या मिनिटाला ठरवलं. या सगळ्या प्रकरणात माझा हा एक निर्णय असा आहे ज्याचा मला फेरविचार करावासा वाटत नाही.

चौथा पर्याय विषयच बदलण्याचा: ‘आकुंचन किती’ हे सोडून ‘एकच घडी वेगवेगळ्या कापांत कशी दिसते’ असा प्रश्न घ्यायचा. तिला तो नको होता. दोन महिन्यांचं काम, हाताने चिकटवलेला दोरा आणि पहिल्या पानावरचा आकडा, हे सगळं सोडायचं म्हणजे जिवावर येणारच.

तेव्हा ठरलं ते असं: ‘किमान ३९’ ठेवायचं, आणि आधाराला म्हणून मातीचं एक मॉडेल करून तिरक्या कापाने आकडा कमी भरतो हे दाखवायचं.

काय केलं

घरात गणपतीची उरलेली शाडूची माती होती. तिने निम्म्या मातीत गेरू कालवला, निम्मी पांढरी ठेवली. पुठ्ठ्याचा नागमोडी साचा केला, त्याची प्रत्येक बाजू कोनमापकाने ६० अंशांवर बसवली, आणि त्यावर पांढरा-तांबडा-पांढरा असे थर बोटांनी दाबत गेली. एक दिवस कापडाखाली सुकू दिलं, फार नाही, चाकूने कापताना तुटणार नाही इतपत. कापायला तार वापरली, सायकलच्या ब्रेकमधली.

पहिला काप हिंजला काटकोनात. थरांचा कल ५९ अंश, आकुंचन जवळजवळ निम्मं. जसं यायला हवं तसं. दोन तुकड्यांपैकी एक तिने हिंजशी, म्हणजे इथे थरांच्या स्ट्राइकशीच, ३० अंश करून तिरका कापला. गणिताने ४१ अंश यायला हवे होते, तिला ४२ मिळाले. आकुंचन ५० टक्क्यांवरून २५ च्या आसपास आलं. हेच हवं होतं. तिरका काप, कमी आकडा, म्हणून ‘किमान’. फोटो काढून तिने मला पाठवले, मी अंगठा पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला फोन. “मॅडम, एक विचारू? आपल्या फोटोतल्या घड्या तर आडव्या पडलेल्या आहेत ना? मग मी मॉडेल उभं ठेवून का कापलं?”

मी चहाचा कप खाली ठेवला.

तिने उरलेला दुसरा तुकडा कुशीवर ठेवला होता, म्हणजे नागमोड वर चढेल असा, मिलूकच्या कड्यासारखा. आणि तार उभी धरून, पुन्हा हिंजशी ३० अंश करून कापलं होतं. या कापात घडी सैल दिसायला हवी होती. ती दिसत होती घट्ट आवळलेली, केसाला लावायच्या चिमट्यासारखी. आधी आडव्या पातळीशी ३० अंश करणारे थर आता जेमतेम १७ अंशांवर आले होते. आकुंचन सत्तरीच्या पुढे. मी कागदावर केलं तर गणित ७२ टक्के म्हणत होतं. खरं उत्तर मात्र तेच, ५०, कारण माती तीच होती.

असं का होतं ते कळायला मला अर्धा कप चहा लागला. उभा काप तिरका केला की फक्त आडवी अंतरं ताणली जातात, उंची होती तेवढीच राहते. घडी उभी असेल तर नागमोड आडवी पसरते, तीच ताणली जाते आणि घडी उघडते. घडी कुशीवर असेल तर नागमोडीची वाट वरच्या दिशेने जाते, ती ताणली जात नाही. ताणल्या जातात तिच्या भुजा, म्हणजे दोन्ही सरळ बाजू, आणि घडी मिटते. एकाच तिरकेपणाचे दोन उलटे परिणाम. अळूवडी गोल असते, तिला उभं-आडवं काही नसतं, म्हणून तिने मला कधी हे दाखवलं नाही.

म्हणजे ‘किमान ३९’ हे विधान मिलूकच्या कड्याच्या बाबतीत सरळ सरळ उलटं होतं. हिंज आडवी धरली तर तिथे ‘कमाल’ लिहावं लागलं असतं. पण तेही लिहिता येईना, कारण हिंज आडवी आहे की कललेली हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि खालून वर बघत काढलेल्या फोटोत वरचा भाग आखडतो ते वेगळंच. चूक कुठल्या बाजूला आहे हेसुद्धा सांगता येत नाही, इथवर आम्ही येऊन पोचलो.

याच वेळी तिच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. मसुद्यात ‘आडवे आकुंचन’ लिहिलं होतं, पण तिने २५ सेंटिमीटरची पट्टी धरली होती ती उभी, पायथ्याकडून माथ्याकडे! पुस्तकातल्या आकृत्यांत घड्या नेहमी उभ्या, कमान आणि खोलगा अशा काढलेल्या असतात, म्हणून सवयीने ‘आडवे’ लिहिलं गेलं. कुशीवर पडलेल्या घड्यांतलं आकुंचन प्रदेशाचं आडवं आकुंचन म्हणून खपवायचं तर त्या आधी कशा होत्या, मग कशा कलंडल्या, हा सगळा इतिहास उलगडायला हवा. तो एका फोटोतून उलगडत नाही.

तेव्हा चौथा पर्याय पुन्हा टेबलावर आला, आणि या वेळी तो तिने आणला. मी फक्त विचारलं, “आकडा काढून टाकायचा?” ती म्हणाली, “काढूया. पण फोटो नाही काढायचा.”

मामाची मदत तरीही घेतली, बेताने. ओहोटीची वेळ बघून जायचं, कड्यापासून दूर गोट्यांच्या पट्टीवरच उभं राहायचं, आणि तोच भाग दोन वेगळ्या जागांवरून टिपायचा. तो मेच्या उत्तरार्धात गेला. पहिल्या खेपेस तर भरतीच होती. वेळ बघायला सांगितलं ते खरं, पण कुठली वेळ ते नीट कळवलं नव्हतं, आणि चिंचोळ्या उताराच्या रस्त्यावरून गाडी खाली नेऊन तो तसाच परत आला. दुसऱ्या खेपेस दोन फोटो मिळाले, त्यातला एक कामाचा.

तीन जाड थर आणि मधे एक बारीक, या खुणेवरून दोन्ही फोटोंत तोच थर सापडला. नव्या फोटोवर दोरा भरला ३८ सेंटिमीटर, सरळ अंतर २०. आकुंचन ४७ टक्के. एकच थर, एकच कडा, दोन फोटो, आणि दोन आकड्यांत आठ टक्क्यांचा फरक. मॉडेलने कापाच्या दिशेबद्दल जे सांगितलं होतं तसंच काहीसं आता फोटोच्या दिशेमुळे घडताना दिसत होतं.

दोन वेगळ्या दिशांच्या कापांवरून थराचा खरा कल काढता येतो, ती रीत आहे. तो मोह आम्हाला झाला. पण त्यासाठी दोन वेगळ्या भिंती आणि त्यांच्या दिशा माहीत हव्यात, आणि आमचे दोन्ही फोटो एकाच कड्याचे होते. उपग्रहाच्या चित्रावरून किनाऱ्याची ढोबळ दिशा कळते, फोटोतल्या नेमक्या भिंतीची नाही. तिथे थांबलो.

काय निष्पन्न झालं

प्रकल्पाचं नाव बदललं. पहिल्या पानावर आकड्याऐवजी तीन चित्रं आली: मातीचा सरळ काप, उभ्या घडीचा तिरका काप, पडलेल्या घडीचा तिरका काप. ५०, २५, ७०. त्याखाली मिलूकचे दोन फोटो, ३९ आणि ४७. निष्कर्षात लिहिलं की या फोटोंवरून आकुंचन ठरवता येत नाही, आणि ठरवण्यासाठी नेमकं काय लागेल.

तोंडी परीक्षा जुलैत ऑनलाइन झाली. बाहेरच्या परीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग खरा आकडा किती?”

“माहीत नाही सर. हिंजची दिशा मिळाल्याशिवाय कळणारही नाही.”

एका परीक्षकांना ते आवडलं, त्यांनी मॉडेल कॅमेऱ्यासमोर फिरवून दाखवायला सांगितलं. दुसऱ्यांनी शेऱ्यात ‘ठोस निष्कर्ष नाही’ असं लिहिलं आणि गुण कापले. मी त्यांच्याशी बोलले, गुण बदलले नाहीत. ३९ टक्के ठेवला असता तर तिला जास्त गुण मिळाले असते, असं मला वाटतं. तिलाही वाटतं. ती तसं बोलूनही दाखवते.

पुन्हा करायचं झालं तर

पहिला मसुदा आला त्या दिवशी मी शुद्धलेखनाआधी एकच प्रश्न विचारायला हवा होता: तू कुठे उभी आहेस? फोटो मामाने काढला असला तरी मोजताना डोळा तिचाच होता. ते विचारलं असतं तर मार्चमध्येच सगळं उघडं पडलं असतं आणि एप्रिलचे तीन आठवडे इतके जड गेले नसते.

‘किमान’ सुचवण्याचा क्षण मला जास्त छळतो. चुकीचा आकडा निदान कुणीतरी तपासतो. ‘किमान’, ‘अंदाजे’, ‘निदान एवढं तरी’ असे शब्द लावले की आकडा नम्र दिसतो आणि कुणी हात लावत नाही. शिक्षकाने सुचवलं म्हटल्यावर तर नाहीच. तिने मॉडेल कुशीवर ठेवून बघितलं नसतं तर मी ते विधान सही करून पुढे पाठवलं असतं. मी तिला मॉडेल करायला सांगितलं तेही माझं म्हणणं सिद्ध करण्यासाठी, तपासण्यासाठी नव्हे. म्हणूनच मी सांगितलेला काप उभ्या घडीचा होता.

मामाच्या बाबतीत दुसरी खेप वाचवता आली असती. ओहोटी सर्वांत खाली असते त्या वेळेच्या दोन तास आधी पोच, पाणी वळलं की निघ, एवढं लिहून द्यायला हवं होतं. शिवाय फोटो काढताना फोनचा कंपास उघडून त्याचाही एक फोटो घ्यायला सांगितलं असतं, तर दिशा निदान ढोबळ मिळाली असती. तेव्हा सुचलं नाही. फोनचा कंपास आपल्याकडच्या बेसॉल्टजवळ (सह्याद्रीच्या लाव्हाच्या खडकाजवळ) भरकटू शकतो, त्यामुळे आम्हा पुणेकर भूशास्त्रज्ञांना त्याच्याबद्दल मुळातच आदर कमी. मिलूकचा वालुकाश्म आणि शेल बेसॉल्टसारखे चुंबकीय नाहीत, तिथे तो बरा चालला असता.

विषय बदलायचा पर्याय मी आधीच जोर लावून मांडायला हवा होता का, यावर माझं अजून ठरत नाही. तो पहिल्या फोनवर लादला असता तर तिने ऐकलं असतं, पण कुशीवर ठेवलेल्या तुकड्याचा फोन आला नसता.

आता घड्यांच्या प्रात्यक्षिकाला प्रत्येक गटाला शाडूचा एक ठोकळा आणि तार मिळते, आणि ठोकळा उभा-आडवा दोन्हीकडून कापायचा असतो. सहली सुरू झाल्यावर बागलकोटला गेलो तेव्हा मुलांनी क्वार्ट्झाइटच्या घडीपुढे आधी पेन्सिल आडवी ठेवली आणि मग फोन काढले. सगळ्यांनी नाही. अर्ध्यांनी तरी.

तिचं मूळ मॉडेल विभागाच्या कपाटात आहे. माती वाळून मधोमध तडा गेलाय, आणि तो तडाही तिरकाच गेलाय. मामा मात्र पक्का तयार झाला. गेल्या महिन्यात त्याने ग्रुपवर कुठल्याशा किनाऱ्याचा फोटो टाकला. दगडाला टेकवून एक पेन ठेवलेलं, आणि खाली ओळ: ‘तोंड वायव्येला. ओहोटी ११.४० ची. पोराला बाजूला उभं केलंय.’